कागद कुठे असतो?

२०२५ सालच्या दिवाळीत २० ऑक्टोबरला मराठी पंचांगाप्रमाणे नरक चतुर्दशी होती आणि उत्तरेकडच्या बहुतेक पंचांगांप्रमाणे लक्ष्मीपूजन. इंदूरच्या पलासियासारख्या भागात ही दोन्ही पंचांगं एकाच जिन्यावर नांदतात. खाली दुकानात वह्यांची पूजा मांडायची घाई आणि वरच्या मजल्यावरच्या मराठी घरात उटणं-फराळ आटोपून उद्याची तयारी, असं इथे चालतं. त्याच दुपारी, आपल्याकडे बारा वाजून गेल्यावर, अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये बिघाड झाला. एका डेटाबेस सेवेचा इंटरनेटवरचा पत्ता सांगणारी नोंद त्यांच्याच स्वयंचलित व्यवस्थेनं चुकून रिकामी करून टाकली. जगभरातली कितीतरी ॲप्स थिजली. त्यांत कॉइनबेसही होतं. क्रिप्टो चलनांच्या खरेदी-विक्रीचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं ठिकाण ते हेच.

बिटकॉइन आणि इथेरियमच्या साखळ्या, म्हणजे ब्लॉकचेन, मात्र चालूच होत्या. इथेरियमचा नवा ब्लॉक नेहमीप्रमाणे दर बारा सेकंदांनी पडत होता. साखळी जिवंत, पण तिच्यापर्यंत नेणारी दारं बंद. 'मध्ये कोणी नाही, मालक कोणी नाही' हीच ज्या तंत्रज्ञानाची जाहिरात, त्याचे कित्येक ग्राहक एका कंपनीच्या एका प्रांतातल्या इमारतींवर टेकलेले होते, हे त्या दुपारी सगळ्यांना दिसलं.

ब्लॉकचेनवर आपल्याकडे जे लिहून येतं, ते बहुतेक भावावर असतं. बिटकॉइन कितीवर गेला, कोण बुडाला, सरकार बंदी घालणार का. भावाच्या गोष्टी ज्याला सांगायच्या त्यानं सांगाव्यात. त्यांच्या मागे एक कंटाळवाणा प्रश्न पडून आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. साखळीवर 'नोंदवलेला' कागद प्रत्यक्षात कुठे असतो? कोण सांभाळतं आणि त्याचं भाडं कोण भरतं?

साखळीत तो सहसा नसतो. का नसतो, हे आकड्यांतून पटकन कळतं. इथेरियमवर कायमच्या साठवणीचा एक कप्पा ३२ बाइटचा असतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, सगळं तीन-तीन बाइट खातं. 'अहिल्याबाई' एवढं नाव लिहिलं की तीस बाइट संपतात. 'होळकर' दुसऱ्या कप्प्यात. असा एक नवा कप्पा भरायला किमान २०,००० गॅस लागतो. गॅस म्हणजे त्या जाळ्यावरच्या कामाचं मोजमाप, आणि त्याचे पैसे पडतात. एखाद्या जुन्या खरेदीखताचा एक एमबीचा स्कॅन असा ठेवायचा म्हटलं तर ३२,७६८ कप्पे आणि साडेपासष्ट कोटी गॅस. अनेक वर्षं एका अख्ख्या ब्लॉकची मर्यादा तीन कोटी गॅस होती. म्हणजे जगभरातल्या सगळ्यांचे सगळे व्यवहार बाजूला सारून सुमारे बावीस ब्लॉक आपल्या एका खरेदीखतासाठी अडवायचे. असं कोणी करत नाही.

मग करतात काय, तर कागदाचा ठसा काढतात. एसएचए-२५६ सारखं गणित फाइलवर चालवलं की ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ हाती येते. फाइल एक पानाची असो की हजार पानांची, ओळ तेवढीच. मूळ कागदात एक वेलांटी बदलली तरी ओळ पार वेगळी होते, आणि ओळीवरून कागद परत घडवता येत नाही. साखळीत ही ओळ जाते.

आपल्या मुलखातलं सगळ्यात ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातलं आहे. एटापल्ली तालुक्यातली ६५,००० जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या साखळीवर नोंदवण्याचं काम २०२२ मध्ये जाहीर झालं. तंत्र 'लेजिटडॉक' या भारतीय कंपनीचं. पॉलिगॉनही परकी नव्हे. २०१७ मध्ये 'मॅटिक' या नावानं ती सुरू झाली तेव्हाच्या चार संस्थापकांपैकी तिघे भारतीय होते, आणि २०२४ पर्यंत तिच्या चाचणीच्या जाळ्याचं नावच 'मुंबई' होतं. एटापल्लीसारख्या आदिवासी तालुक्यात जातप्रमाणपत्राला काय किंमत आहे, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, सगळं त्या एका कागदाला बांधलेलं. बनावट प्रमाणपत्रवाला खऱ्याची जागा खातो, म्हणून ठसा सार्वजनिक साखळीवर असणं मोठ्या उपयोगाचं. क्यूआर कोड स्कॅन केला की कागद मूळचाच आहे का, हे कोणालाही, कुठूनही, कार्यालयाला फोन न लावता तपासता येतं.

पण हा ठसा एकाच गोष्टीची ग्वाही देतो: समोर आणलेला कागद तोच आहे. समोर आणायला कागदच उरला नाही, तर चौसष्ट अक्षरं साखळीत सुखरूप राहतात आणि त्यांचा कोणाला काही उपयोग नसतो.

कागद न उरण्याचे प्रसंग आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालय जळलं. १२ जून २०२३ ला भोपाळमध्ये सातपुडा भवन पेटलं. आदिवासी विकास विभागाच्या कार्यालयातून आग आरोग्य विभागाच्या मजल्यांवर चढली आणि फायलींची राख झाली. अशा आगीनंतर दोन प्रश्न उभे राहतात: लावली की लागली, आणि दुसरी प्रत होती का. पहिल्यावर विधानसभेत गदारोळ होतो. दुसरा विचारायला कोणी उरत नाही.

डिजिटल जगातही हेच घडलेलं आहे, आणि तिथे राखसुद्धा दिसत नाही. एफटीएक्स हे क्रिप्टोचं मोठं एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडालं. त्याच्या बाजारातून लोकांनी एनएफटी, म्हणजे डिजिटल चित्रांची मालकीपत्रं, विकत घेतली होती. मालकीपत्र साखळीवर, चित्र आणि त्याची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर. कंपनी गेली आणि ते दुवे दिवाळखोरीच्या कामकाजाच्या पानावर जाऊ लागले. मालकी निर्विवाद, पण कशाची ते दिसेना. या फजितीवर हसावं तेवढं थोडं. मात्र चित्राच्या जागी कोणाचं जातप्रमाणपत्र किंवा फेरफाराची नोंद असती, तर हसू आलं नसतं.

या अडचणीवरचं पहिलं उत्तर पत्त्याच्या व्यवस्थेतून आलं. ह्वान बेनेट या तरुणानं २०१४ मध्ये प्रोटोकॉल लॅब्ज ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षी आयपीएफएस नावाची पद्धत खुली केली. इंटरनेटवरचा नेहमीचा पत्ता जागेचा असतो. पलासियात कोणी विचारलं तर आपण 'भिया, छप्पन दुकानाच्या मागे, डावीकडचं तिसरं' असं सांगतो. तिथला भाडेकरू बदलला की पत्ता बरोबर आणि माणूस चूक. आयपीएफएसमध्ये पत्ता जागेचा नसून वस्तूचाच असतो, आणि तो तयार होतो फाइलच्या ठशातून. 'हा ठसा असलेली फाइल कोणाकडे आहे?' असं जाळ्यावर विचारायचं. ज्याच्याकडे असेल तो देतो. मिळालेली फाइल खरी की खोटी, हे ठसा पुन्हा काढून आपलं आपल्याला तपासता येतं. देणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही.

इथे एक गैरसमज सर्रास पसरला आहे, आणि तो पसरवणाऱ्यांत विकणारेच पुढे असतात. 'आयपीएफएसवर टाकलं म्हणजे कायमचं राहिलं.' तसं मुळीच नाही. जाळ्यावरच्या एखाद्या तरी संगणकानं ती फाइल मुद्दाम धरून ठेवली पाहिजे. सगळ्यांनी सोडली की पत्ता शाबूत आणि फाइल गायब. म्हणजे धरून ठेवणाऱ्याचा प्रश्न फिरून तिथेच आला.

त्यावरचं उत्तर म्हणून त्याच मंडळींनी फाइलकॉइन उभारलं. २०१७ मध्ये नाण्यांच्या विक्रीतून सुमारे २५.७ कोटी डॉलर गोळा केले आणि १५ ऑक्टोबर २०२० ला जाळं सुरू झालं. नाण्याचा भाव पुढे चढला, पडला, त्यात कित्येकांचे हात पोळले. त्या धुरळ्यात कल्पना झाकली गेली. माझ्या मते ती साखळ्यांच्या साऱ्या इतिहासातल्या दोन-तीन शहाण्या कल्पनांपैकी एक आहे. सांभाळणाऱ्याचा शब्द प्रमाण मानायचा नाही. सांभाळलं आहे हे त्यानं रोज सिद्ध करायचं.

ते असं चालतं. साठवणदार आधी तारण म्हणून नाणी अडकवून ठेवतो. ग्राहकाची माहिती ३२ किंवा ६४ जीबीच्या गठ्ठ्यांत भरून 'सील' करतो. हे सील करणं मुद्दाम संथ आणि कष्टाचं ठेवलं आहे. त्यातून त्या साठवणदाराची, त्याच गठ्ठ्याची, खास प्रत तयार होते. एकच प्रत ठेवून तीन ठेवल्या असं भासवायची सोय राहत नाही, आणि विचारणा आल्यावर ऐन वेळी दुसरीकडून उतरवून घेण्याइतका वेळही मिळत नाही. मग चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ तुकडे. प्रत्येक गठ्ठ्याची पाळी त्यांतल्या एका तुकड्यात येते. जाळं कोणत्याही ठिकाणचा नमुना मागतं आणि साठवणदारानं त्या अर्ध्या तासात गणिती पुरावा साखळीवर टाकायचा. पुरावा चुकला की दंड. चुकतच राहिला की तारण जप्त. साखळीवर गठ्ठे चढत नाहीत, हे पुरावे चढतात. जगात कुठे तरी डिस्क बंद पडते, तारणातून रक्कम वजा होते आणि एकाही माणसाला फोन करावा लागत नाही.

सातपुडा भवनातल्या एखाद्या मजल्यावरच्या कपाटाला रोज कोणी विचारलं असतं, की अमुक फाइलचं सदतिसावं पान दाखव, तर? आपल्या कार्यालयांत अभिलेखांची तपासणी होते. पण नोंदवहीत फाइल असणं आणि कपाटात ती असणं यांतलं अंतर बहुतेक वेळा माहिती अधिकारात अर्ज आल्यावरच उघड होतं.

कल्पना शहाणी, म्हणून व्यवहार सरळ झाला असं मात्र नाही. सील करायलाच किमान १२८ जीबी रॅमचं यंत्र लागतं, वर ग्राफिक्स कार्ड. घरातल्या रिकाम्या डिस्कवर जगाची माहिती सांभाळण्याचं लोकशाही स्वप्न तिथेच संपलं आणि काम पुन्हा मोठ्या डेटा सेंटरवाल्यांकडे गेलं. सुरुवातीच्या वर्षांत तर बहुतेक गठ्ठ्यांत खरी माहितीच नव्हती. जागा दाखवली की नाणी मिळत, म्हणून लोकांनी रिकामी जागा सील करून ठेवली. खऱ्या माहितीला दहापट वजन देण्याची योजना आली, तर खरी माहिती कोणती यावरून भांडणं आणि लबाड्या. शिवाय ठेवल्याचा पुरावा रोज मिळतो, पण मागितल्यावर झटपट परत मिळेलच याची तशी हमी नाही. गोदाम भक्कम, खिडकीवरचा माणूस जागेवर नाही, असा अनुभव ग्राहकांनी घेतला आहे.

घरच्या डिस्कवाल्यांसाठी स्टॉर्ज हे जाळं जास्त जवळचं. त्याचं गणित सुंदर आहे. फाइल आधी कुलूपबंद करतात, मग तिचे ८० तुकडे होऊन ८० वेगवेगळ्या ठिकाणी जातात. त्यांतले कोणतेही २९ मिळाले की फाइल पूर्ण. ५१ जण पळून गेले तरी चालेल! याची किंमत म्हणून मूळ माहितीच्या पावणेतीन पट जागा लागते. आपण नेहमी करतो तशा तीन पूर्ण प्रती ठेवल्या तर जागा तिप्पट जाते आणि फक्त दोन प्रतींचा नाश सोसतो. यामागची रीड-सॉलोमन पद्धत १९६० ची. ओरखडा पडलेली सीडी वाजायची ती हिच्यामुळे. छप्पन दुकानातल्या चाटवाल्याच्या काउंटरवर तेलाचे डाग पडलेला क्यूआर कोड चालतो तोही हिच्यामुळेच.

मिळकत? साठवलेल्या दर टेराबाइटला महिन्याला सुमारे दीड डॉलर. टेराबाइट भरायलाच कित्येक महिने जातात, मोबदला टोकनमध्ये येतो, टोकन विकताना नफ्यावर तीस टक्के कर. पलासियातल्या फ्लॅटमध्ये चोवीस तास छोटा संगणक चालू ठेवून या उत्पन्नात पोहे-जलेबीचा महिन्याचा खर्चसुद्धा निघायचा नाही. हे हौशी माणसाचं काम आहे, धंदा नव्हे. यूट्यूबवर याउलट सांगणाऱ्यांपासून जपून राहावं.

प्रती लांब, वेगवेगळ्या हाती असाव्यात, ही गोष्ट इंदूरला इतिहासानंच शिकवलेली आहे. ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या फौजेनं हे शहर लुटलं. होळकरांची राजधानी त्या काळी महेश्वरला. इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, ती इंदूरला आली. अहिल्याबाईंच्या दरबारात रोज काय चालायचं, कोण आलं, कोण रुसलं, पैशाची चणचण कुठे होती, हे आज आपल्याला बऱ्याच अंशी कशावरून कळतं? महेश्वरहून पुण्याला गेलेल्या पत्रांवरून. पेशव्यांकडची माणसं तिथून बातम्या लिहून पाठवत. हेरगिरी म्हणा किंवा वकिली. पण त्यामुळे नर्मदेकाठच्या दरबाराची एक बाजू मुळा-मुठेच्या काठी जपली गेली आणि द. ब. पारसनिसांनी पुढे ती 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' म्हणून छापली. होळकर सरकारनं स्वतःची साधनं वा. वा. ठाकूरांकडून संपादून छापली ती १९४४-४५ मध्ये, संस्थान विलीन व्हायला तीन-चार वर्षं उरली असताना.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड उभे केले, ते कुठल्या मध्यवर्ती दप्तरखान्याच्या जोरावर नव्हे. वाडे, माळे, देवळं, भिक्षुकांची घरं, कुलकर्ण्यांची दप्तरं, जिथे कागद होता तिथून. पुण्याचं पेशवे दप्तर सरकारी कुलपात होतं. रियासतकार सरदेसायांना त्यातले निवडक पंचेचाळीस भाग काढायला १९३०चं दशक उजाडलं. मधल्या काळात मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला तो घराघरांत विखुरलेल्या कागदांवर.

या विखुरलेल्या साठवणीला भाबडेपणानं गौरवू नये. ज्या घरांत कागद राहिले त्यांच्याबद्दल आपण बोलतो. ज्या घरांत वाळवीनं खाल्ले, बंबात गेले, वाण्याकडे पुड्या बांधायला गेले, त्यांची यादी कोणाकडे नाही. सांभाळणाऱ्याला मोबदला नव्हता, तपासणारा कोणी नव्हता, आणि काय हरवलं हे कळायची सोयच नव्हती. रोजच्या पुराव्याची कल्पना मला मोठी वाटते, ती हे आठवल्यावर.

आता वर्तमानात, पलासियात. एबी रोडवर इंडस्ट्री हाउसपासून गीता भवनाकडे जाताना दोन्ही बाजूंच्या इमारतींत सीए आणि कर सल्लागारांच्या पाट्या मोजता येणार नाहीत इतक्या. यांच्या कपाटांत आणि संगणकांत माळव्याच्या निम्म्या व्यापाराचे हिशेब पडलेले असतील, असं उगाच वाटतं. गेल्या काही वर्षांत कायद्यानं त्यांना नकळत या विषयाच्या दाराशी आणलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय सक्तीची झाली, आणि ती बंद करता येता कामा नये. नोंद पुसायची नाही, नवी नोंद जोडत जायचं. साखळीचा स्वभावही हाच. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, नियम दुरुस्त झाला की हिशेबांची प्रत रोजच्या रोज प्रत्यक्ष भारतात असलेल्या सर्व्हरवर गेली पाहिजे.

इथे विकेंद्रित साठवण अडखळते. स्टॉर्जवरचे ऐंशी तुकडे फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत कुठेही असू शकतात. कुलूपबंद तुकडा, जो एकटा वाचताच येत नाही, तो 'प्रत' म्हणायचा का, यावर वकिलांना चांगली फी मिळेल. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर माणसाला आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क देतो. कायमच्या साठवणीची जाहिरात करणाऱ्यांना 'पुसणं' हा शब्द आवडत नाही. आरवीव्ह नावाचं जाळं २०१८ पासून 'एकदा पैसे भरा, दोनशे वर्षं विसरा' असं विकतं. त्यामागचं गृहीतक असं की साठवणीचा खर्च दरवर्षी अर्धा टक्का तरी उतरत राहील आणि ठेवीतून भाडं सुटत जाईल. दोनशे वर्षं मागे मोजली तर मंदसोरचा तह नुकताच होऊन गेलेला असतो. तेव्हा कोणी इंदुरात दोनशे वर्षांचं भाडं आगाऊ घेतलं असतं, तर ते कोणत्या नाण्यात घेतलं असतं?

सरकारनं मधली वाट धरली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं 'विश्वस्य' हा ब्लॉकचेन संच आणला. राज्यांना, खात्यांना त्यावर आपली प्रमाणपत्रं, दस्तऐवज नोंदवता येतात, आणि तो चालतो एनआयसी या सरकारी संस्थेच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबादच्या डेटा सेंटरांवर. तीन शहरं, पण मालक एकच. आग, पूर, भूकंप यांच्यापुढे ही रचना टिकेल. मालकाच्या मर्जीपुढे टिकण्यासाठी ती बनवलेलीच नाही. एटापल्लीत वापरली तशी सार्वजनिक साखळी या बाबतीत सरस आहे, मात्र तिथेही साखळीवर ठसाच. कागद सांभाळायचं ओझं कुठल्या तरी सर्व्हरवर आणि कुठल्या तरी वार्षिक देखभाल करारावर. करार संपल्यावर निविदा वेळेत निघाली नाही तर काय होतं, हे सरकारी संकेतस्थळं उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून पलासियातल्या एखाद्या सीएनं विचारलं, की मी माझ्या अशिलांची जुनी दप्तरं अशा जाळ्यावर ठेवू का, तर माझं उत्तर 'ठेवा, पण तिसरी प्रत म्हणून' असं असेल. पहिली ऑफिसात, दुसरी कायद्याप्रमाणे भारतातल्या सर्व्हरवर, तिसरी कुलूपबंद करून जाळ्यावर. कंपनी कायद्यानं हिशेब आठ आर्थिक वर्षं ठेवावे लागतात. फाइलकॉइनवरचा एक करार जास्तीत जास्त साडेतीन वर्षांचा होतो. म्हणजे दोनदा नूतनीकरण आलं, आणि तोवर ज्या आर्टिकल क्लार्कनं हे सगळं बसवून दिलं तो सीए होऊन पुण्या-मुंबईला गेलेला असेल. त्यानं जाताना कुलपाची किल्ली, म्हणजे बारा किंवा चोवीस शब्दांची परवलीची ओळ, कोणाच्या हाती दिली हे आधी लिहून ठेवलेलं बरं. ती हरवली तर गठ्ठे जागेवर असतील, त्यांचे रोज पुरावे येत राहतील, भाडंही कापलं जात राहील, आणि जगातला कोणताही संगणक त्यांतून एक बिलसुद्धा वाचून दाखवू शकणार नाही.